वाचकांचे प्रश्न : हाताची दबलेली नस आणि खचलेलं मन

हाताच्या नसेवर दाब येण्याच्या आजारांबद्दल आलेल्या पत्रांत एक गोष्ट वारंवार दिसली. हाताबद्दल दोन-तीन ओळी, आणि मग झोप, चिडचिड, रडू, भीती यांबद्दल पानभर मजकूर. औषधाच्या चिठ्ठीवर मात्र बहुतेकांच्या बाबतीत फक्त हातच असतो. म्हणून या वेळी त्या पानभर मजकुराला उत्तरं देत आहोत.

प्रश्न : मनगटात नस दबल्याचं, म्हणजे कार्पल टनेल सिंड्रोमचं निदान होऊन सहा महिने झाले. नसेची विद्युत चाचणी ‘सौम्य’ आली. पण रात्री तीन-चार वेळा हात झोपल्यासारखा होऊन जाग येते. दिवसभर चिडचिड होते, साध्या बोलण्यावरून रडू येतं. घरचे म्हणतात, रिपोर्टमध्ये काही विशेष नाही, तू मनाला फार लावून घेतेस. हे खरंच मनाचे खेळ आहेत का?

नाहीत. आधी त्या चाचणीत काय मोजतात ते पाहू. नर्व्ह कंडक्शन चाचणीत नसेतल्या जाड, वेगवान तंतूंमधून संदेश किती वेगाने आणि किती जोराने जातो ते कळतं. वेदना वाहून नेणारे बारीक तंतू त्या आलेखात उमटतच नाहीत. ‘सौम्य’ याचा अर्थ एवढाच की जाड तंतूंचं फार नुकसान झालेलं नाही. ही चांगली बातमी आहे, पण तुम्हाला किती त्रास होतो याचा तो आकडा नव्हे. लक्षणं स्पष्ट असूनही चाचणी पूर्ण नॉर्मल येणारे रुग्ण असतात. उलट चाचणी फार वाईट आणि तक्रार थोडी, असंही वयस्कर माणसांत दिसतं.

आता नाजूक भाग. रुग्ण सांगतात तो त्रास चाचणीच्या आकड्यांपेक्षा नैराश्य, चिंता आणि ‘हात कायमचा जाणार’ या भीतीशी जास्त जुळतो, असं बऱ्याच अभ्यासांत दिसलं आहे. हे ऐकून घरचे म्हणतात, ‘बघ, मानसिकच आहे.’ आणि रुग्ण मनातलं डॉक्टरांपासून लपवू लागतो, कारण ते सांगितलं तर हाताचं कुणी ऐकणार नाही असं वाटतं. दोघांचंही चुकतं. संदेश मनगटातूनच निघतो. मेंदू तो किती मोठा करून ऐकवतो, हे झोप, भीती आणि मनःस्थितीवर ठरतं. म्हणजे उपचार दोन्हीकडे करायचे, आणि एकाच वेळी करायचे.

सुरुवात रात्रीपासून करा. मनगटाच्या बोगद्यातून बोटं वाकवणारे ९ स्नायुबंध आणि ही एक नस अशी दाटी असते. मनगट सरळ असताना निरोगी हातात तिथला दाब कमी असतो. तो पाऱ्याच्या ३० मिलिमीटरच्या आसपास गेला की नसेतला रक्तप्रवाह मंदावतो. झोपेत मनगट नकळत मुडपतं आणि आजारी मनगटात दाब त्याच्याही बराच वर जातो. म्हणून जाग येते. मोडलेल्या झोपेने दुसऱ्या दिवशी वेदना सोसण्याची ताकद घटते, चिडचिड वाढते, आणि रात्र जवळ आली की पुन्हा धास्ती.

यावर पहिलं साधन म्हणजे रात्री बांधायचा मनगटाचा पट्टा, स्प्लिंट. तो वापरताना नेमकं चुकतं ते असं. तयार पट्ट्यांपैकी बरेच मनगट मागे वाकवून धरतात. आपल्याला ते तळहात आणि हात एका रेषेत, सरळ हवं असतं. आतली धातूची पट्टी बाहेर काढून सपाट करून घ्या, किंवा पट्टा देणाऱ्या थेरपिस्टकडून करून घ्या. बोटांची मुळं मोकळी हवीत, मूठ वळता आली पाहिजे. पट्टा इतका सैल असावा की खाली एक बोट सहज सरकेल. करकचून बांधला तर तोच दाब वाढवतो. ‘जास्त दुखेल त्या रात्री’ बांधून उपयोग नाही. रोज रात्री, निदान ६ आठवडे बांधा. पहिल्या तीन-चार रात्री अडचण वाटते आणि बहुतेक जण तिथेच सोडून देतात.

नस कोपरात दबली असेल, म्हणजे करंगळी आणि अनामिकेत मुंग्या येत असतील, तर मनगटाच्या पट्ट्याने काही होणार नाही. तिथे कोपर वाकू द्यायचं नसतं. टॉवेलची सैल गुंडाळी कोपराभोवती बांधली तरी चालतं.

एवढं करूनही जाग आली तर हात खाली सोडून मिनिटभर झटका, मनगट सरळ करा आणि घड्याळ बघू नका. वीसेक मिनिटांत झोप लागत नाही असं वाटलं तर उठून मंद उजेडात बसा, झोप आली की परत या. सकाळी उठण्याची वेळ मात्र रोज तीच ठेवा, रात्र कशीही गेली तरी. ६ आठवड्यांनी फरक नसेल तर डॉक्टरांशी मनगटातल्या स्टिरॉइड इंजेक्शनबद्दल बोला. त्याने बऱ्याच जणांना काही आठवडे ते काही महिने आराम पडतो, आणि खचलेल्या माणसाला एवढी सलग झोपही पुढचा निर्णय शांतपणे घ्यायला पुरते.

प्रश्न : अचानक दोन्ही हातांना मुंग्या येतात, ओठांभोवतीही. छातीत धडधडतं, हात गार पडतात. ही नस आहे की घबराट?

ओठांभोवतीच्या मुंग्या हाताच्या नसेमुळे येत नाहीत. घाबरल्यावर श्वास भराभर चालतो, रक्तातला कार्बन डायऑक्साइड कमी होतो, त्यामुळे रक्तातलं मोकळं कॅल्शियम घटतं आणि नसा आपोआप संदेश सोडू लागतात. दोन्ही हात, ओठ, कधी पाय. बोटं आखडूही शकतात. हे काही मिनिटांत चढतं आणि बहुधा अर्ध्या तासात उतरतं.

दबलेल्या नसेला मात्र ठरलेला नकाशा असतो. अंगठा, तर्जनी, मधलं बोट आणि अनामिकेची अर्धी बाजू : मनगट. करंगळी आणि अनामिकेची उरलेली बाजू : कोपर. मान वळवल्यावर खांद्यापासून हातभर उतरणारी कळ : बहुधा मान. दोन्ही मनगटांत नस दबलेली असणंही नेहमीचंच आहे, त्यामुळे ‘दोन्ही हात म्हणजे घबराटच’ असं समजू नका. एकाच माणसात दोन्ही असतात. दबलेली नस आधीच चिडलेली असल्याने भराभर श्वासाने तिथे आधी मुंग्या येतात, त्या पाहून भीती वाढते आणि श्वास आणखी वेग घेतो.

अशा वेळी नाकाने चार अंक मोजत श्वास आत घ्या, सहा अंक मोजत सोडा, पाच मिनिटं. सोडणं लांबवणं महत्त्वाचं. ‘खोल श्वास घ्या’ म्हणून मोठमोठे श्वास घेतले तर मुंग्या वाढतात. कागदी पिशवीत श्वास घेऊ नका. दमा किंवा हृदयाचा आजार असेल तर ते धोक्याचं आहे.

छातीवर दाब, घाम, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ असेल, किंवा एका बाजूचा चेहरा-हात अचानक लुळा पडला, बोलणं अडखळलं, तर घरी निदान करत बसू नका. ताबडतोब आपत्कालीन मदत घ्या.

प्रश्न : मी नुसता थकलोय की मला नैराश्य आलंय, हे कसं ओळखायचं? नेटवरच्या प्रश्नावलीत १२ गुण आले.

ती प्रश्नावली बहुधा पीएचक्यू-९ असावी : गेल्या दोन आठवड्यांबद्दल ९ प्रश्न, प्रत्येकाला ० ते ३ गुण, एकूण २७. साधारण ५ पासून सौम्य, १० पासून मध्यम, १५ पासून बऱ्यापैकी तीव्र आणि २० पासून तीव्र मानतात. हाताच्या रुग्णांची इथे एक गल्लत होते. झोप, थकवा आणि लक्ष न लागणं हे त्यातले तीन प्रश्न. रात्रभर हात झटकत बसणाऱ्या माणसाला मन ठीक असूनही तिथेच ९ गुण पडू शकतात.

म्हणून पहिले दोन प्रश्न वेगळे काढून पाहा : गोष्टींत रस किंवा आनंद न वाटणं, आणि उदास, निराश वाटणं. या दोघांचे मिळून ३ किंवा जास्त गुण असतील तर तो नुसता थकवा समजू नका, डॉक्टरांना दाखवा. आणखी एक खूण : एखादी रात्र चांगली झोप लागल्यावर दुसऱ्या दिवशी मन हलकं होतं का? होत असेल तर झोपेचा वाटा मोठा. झोप होऊनही आवडीची गोष्ट नकोशी वाटत असेल तर मनाचा उपचार लांबवू नका.

शेवटचा, नववा प्रश्न स्वतःला इजा करण्याच्या किंवा मरून जावं अशा विचारांबद्दल आहे. त्याचं उत्तर शून्याखेरीज काहीही असेल तर एकूण बेरीज कितीही कमी असो, त्याच दिवशी कुणाशी तरी बोला : घरचं माणूस, डॉक्टर किंवा तुमच्या भागातली मदतवाहिनी. विचार ठोस होत असतील तर एकटे राहू नका, थेट रुग्णालय गाठा.

याबरोबर काही रक्ततपासण्या मागून घ्या. त्या राहून जातात याचं आम्हाला फार वाईट वाटतं, कारण हात आणि मन दोन्ही बिघडवणारं एकच कारण कधी कधी तिथे सापडतं. थायरॉइड मंदावलं की मनगटात सूज धरून नस दबते आणि मनही जड, सुस्त होतं. मधुमेहाने नसा दाबाला लवकर बळी पडतात, आणि मधुमेहींत नैराश्यही जास्त दिसतं. बी-१२ कमी असलं तर मुंग्या, विसराळूपणा, उदासी सगळंच येतं. पण त्या मुंग्या बहुतेकदा पायांपासून सुरू होतात. मधुमेहाची मेटफॉर्मिन ही गोळी बरीच वर्षं घेणाऱ्यांत बी-१२ घटू शकतं. तेव्हा टीएसएच (थायरॉइडसाठी), एचबीए१सी (मधुमेहासाठी), बी-१२ आणि हिमोग्लोबिन. बी-१२ चं रक्त गोळ्या-इंजेक्शनं सुरू करण्याआधी द्या. नंतर दिलं तर आकडा फसवा येतो.

प्रश्न : हातासाठी गेले आणि चिठ्ठीवर ॲमिट्रिप्टिलीन लिहून दिली. औषधाच्या कागदावर ‘नैराश्यावर’ असं आहे. मी वेडी नाही. का घ्यावी?

तुमच्या हातासाठीच दिली आहे. नसेच्या वेदनेसाठी ही गोळी रात्री १० मिलिग्रॅमपासून सुरू करतात. नैराश्यासाठी पूर्वी ती ७५ ते १५० मिलिग्रॅमपर्यंत देत. कमी मात्रेत ती पाठीच्या कण्यातून वर जाणारे वेदनेचे संदेश थोपवते आणि झोप आणते. हे डॉक्टरांनी चिठ्ठी लिहितानाच सांगायला हवं होतं. त्या दोन मिनिटांअभावी कितीतरी गोळ्या कपाटात पडून राहतात. नैराश्य असेल तर मात्र १० मिलिग्रॅमने त्याचा उपचार झाला असं समजू नका.

निजायच्या अगदी वेळी घेतली तर सकाळी सुस्ती राहते. एक-दोन तास आधी घ्या. तोंड कोरडं पडतं, बद्धकोष्ठता होते. काचबिंदू, प्रोस्टेटमुळे लघवी अडणं, हृदयाच्या ठोक्यांचा दोष यांपैकी काही असेल तर घेण्याआधी डॉक्टरांना सांगा.

डुलॉक्सेटिन नसेच्या वेदनेवर आणि नैराश्यावर एकाच मात्रेत चालतं. सहसा ३० मिलिग्रॅमने सुरू करून ६० पर्यंत नेतात. पहिल्या आठवड्यात मळमळ होते, जेवणाबरोबर घेतल्यास कमी होते. मन सुधारायला २ ते ४ आठवडे लागतात; दहाव्या दिवशी ‘काही फरक नाही’ म्हणून बंद करणं ही नेहमीची चूक. त्याच्या जोडीला दुखण्यासाठी ट्रामाडॉल कुणी दिलं असेल तर दोन्ही चिठ्ठ्या एकाच डॉक्टरांना दाखवा, कारण सेरोटोनिन हे मेंदूतलं रसायन जास्त होऊन थरथर, ताप, गोंधळ होऊ शकतो. गॅबापेंटिन आणि प्रीगाबालिन या नसेच्या वेदनेवरच्या औषधांनी काहींना गुंगी येते, काहींची मनःस्थिती बिघडते. सुरू केल्यावर उदासी वाढली तर लगेच कळवा. यातलं कुठलंच औषध एकदम बंद करायचं नाही, टप्प्याटप्प्याने उतरवायचं.

आणि एक खरं सांगायला हवं. या गोळ्यांनी नसेवरचा दाब हटत नाही. बधिरपणा चोवीस तास राहू लागला, अंगठ्याच्या मुळाचा मांसल भाग खोलगट दिसू लागला, बटण लावता येईना, तर गोळ्या वाढवत बसू नका. हाताच्या सर्जनला दाखवा.

प्रश्न : काम केलं की मुंग्या येतात, म्हणून नस आणखी खराब होईल या भीतीने शिवणकाम, लिहिणं, सगळं बंद केलंय. आता दिवसभर काही करावंसंच वाटत नाही.

काम थांबवल्यावर काही मिनिटांत ओसरणाऱ्या मुंग्या म्हणजे दाबाची सूचना. त्या प्रत्येक वेळी नस तुटत नाही. हात पूर्ण बंद ठेवला तर स्नायू ढिले पडतात, बोटं ताठरतात, आणि ज्या कामातून समाधान मिळत होतं तेच गेल्याने मन बसतं. मग त्याच बसलेल्या मनाला दुखणं मोठं वाटतं.

काम घड्याळावर करा, त्रासावर नाही. तीन दिवस बघा, किती वेळाने मुंग्या सुरू होतात. समजा २० मिनिटं. तर गजर १५ चा लावा आणि १५ झाली की थांबा, अजून बरं वाटत असलं तरी. दोन-तीन मिनिटं हात मांडीवर सरळ, बोटं हळू उघडा-मिटा, पुन्हा १५. आठवडा नीट गेला तर दोन-तीन मिनिटं वाढवा. हे फसतं चांगल्या दिवशी. बरं वाटतंय म्हणून साचलेलं सगळं काम उरकलं जातं, पुढचे दोन दिवस हात उचलत नाही, आणि ‘मी काहीच करू शकत नाही’ हे मनात पक्कं होतं.

पहिल्या १५ मिनिटांसाठी घरातलं साचलेलं काम निवडू नका. आवडीचं निवडा. कात्री, सुई, पेन यांची पकड जाड करून घ्या. चिमटीचा जोर कमी लागतो. नस सरकवण्याचे व्यायाम थेरपिस्टकडून प्रत्यक्ष शिकूनच करा. ते हलकेच करायचे असतात. ताण देत केले आणि नंतर मुंग्या रेंगाळल्या तर चुकतंय. भीती तरीही सुटत नसेल तर वर्तनविचार उपचार देणाऱ्या मानसतज्ज्ञाकडे जा. ‘दुखलं म्हणजे बिघडलं’ हा समज तिथे टप्प्याटप्प्याने तपासून घेता येतो.

प्रश्न : कोपरातल्या नसेची शस्त्रक्रिया होऊन तीन महिने झाले. करंगळी अजून बधिर. वाया गेलं सगळं, असं वाटतं.

तीन महिन्यांत निकाल लावू नका. नसेचं फक्त वरचं आवरण खराब झालं असेल तर काही आठवडे ते तीनेक महिन्यांत सुधारतं. आतले तंतूच तुटले असतील तर ते कोपरापासून पुन्हा वाढत यावे लागतात, आणि हा वेग दिवसाला साधारण १ मिलिमीटर. कोपरापासून तळहातातल्या स्नायूंपर्यंत अंतर ३० सेंटिमीटरच्या आसपास. म्हणजे ३०० दिवस, सुरुवातीची खोळंब धरून वर्ष. करंगळीचं टोक त्याच्याही पुढे. मनगटाच्या शस्त्रक्रियेनंतर रात्रीच्या मुंग्या बहुधा लवकर थांबतात, म्हणून त्या रुग्णाशी स्वतःची तुलना करू नका. स्नायू फार आधीपासून वाळले असतील तर ते पूर्ण भरून येतीलच असं नाही. सर्जनला हे सरळ विचारा. अनिश्चिततेपेक्षा स्पष्ट उत्तर मनाला सोसतं.

रोज करंगळी चाचपून बघणं बंद करा. महिन्यातून एकदा, एकाच तारखेला नोंद करा : कापसाचा स्पर्श कुठपर्यंत कळतो, बोटं फाकवता येतात का, हाताचा फोटो. मधल्या काळात नवीन झिणझिण्या, जळजळ, विजेसारखी चमक आली तर ती बहुतेकदा तंतू जागे होत असल्याची खूण असते. मात्र दुखणं दिवसागणिक वाढतंय, हात सुजलाय, त्वचा चकचकीत, रंग बदललेला, नुसत्या कपड्याचा स्पर्श सोसत नाही, असं असेल तर लगेच दाखवा.

आणखी दोघा-तिघांनी विचारलं आहे की नैराश्य असेल तर शस्त्रक्रिया करावी का. गरज असेल तर करावी. अशा रुग्णांनाही फायदा होतो. सुरुवातच वाईट असल्याने शेवटचा त्रास इतरांपेक्षा थोडा जास्त उरतो, म्हणून मनाचा उपचार आधीच सुरू केलेला बरा.

प्रश्न : बाळंतपणाच्या आधीपासून हात बधिर होतात. बाळाला घेताना पडेल अशी भीती वाटते, सारखं रडू येतं.

गरोदरपणाच्या शेवटच्या महिन्यांत अंगात पाणी साठून मनगटात नस दबते. बाळंतपणानंतर काही आठवडे-महिन्यांत बहुतेकींचं हे ओसरतं. तोवर रात्रीचा पट्टा सुरू ठेवा. पाजताना बाळाचं वजन उशीवर आणि कोपरापुढच्या हातावर घ्या, डोकं मुडपलेल्या मनगटावर तोलू नका. बसून घ्या, उभ्याने कमी. अंगठ्याच्या बाजूला मनगट दुखत असेल तर तो वेगळा, स्नायुबंधाचा त्रास असू शकतो.

रडू दोन आठवड्यांच्या पुढे राहिलं तर ते हाताच्या खात्यात टाकू नका. बाळंतपणानंतरचं नैराश्य ओळखण्याची एडिनबरा प्रश्नावली १० प्रश्नांची आहे, तपासणीच्या वेळी ती मागून भरा. अंगावर पाजताना चालणारी नैराश्याची औषधं असतात, त्यामुळे या भीतीने सांगणं टाळू नका. स्वतःला किंवा बाळाला इजा करण्याचा विचार आला तर त्याच दिवशी सांगा.

प्रश्न : माझ्या भावाला हा त्रास आहे. तो बोलणंच टाळतो. घरच्यांनी काय करावं?

‘हात कसा आहे’ याला ‘ठीक’ असंच उत्तर येतं. ‘काल रात्री किती वेळा जाग आली?’ असं विचारा. झाकणं उघडणं, कपडे पिळणं, जड पिशव्या ही कामं वाटून घ्या, पण आधी विचारून. हातातून काम ओढून घेतलं की माणूस आणखी आत जातो. डॉक्टरांकडे सोबत जा आणि झोप, चिडचिड, जेवण याबद्दल तुम्हाला दिसतं ते सांगा.

‘सगळं संपवावंसं वाटतं’ अशा अर्थाचं काही बोलला तर थेट विचारा : जीव देण्याचा विचार येतो का? विचारल्याने तो विचार मनात पेरला जात नाही. उत्तर हो असेल तर त्याला एकटं सोडू नका आणि त्याच दिवशी डॉक्टर गाठा. घरात ॲमिट्रिप्टिलीन असेल तर पाकीट तुमच्याकडे ठेवा, डॉक्टरांना एका वेळी थोड्याच दिवसांची द्यायला सांगा. जास्त प्रमाणात ती हृदयाला घातक असते.